सिंगापूरची सहल आणि पत्रकात न छापलेल्या गोष्टी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी आपल्या वृत्तपत्रात सिंगापूरच्या सहलींच्या मोठमोठ्या जाहिराती येतात. चार रात्री, पाच दिवस, सगळी प्रेक्षणीय स्थळे, रोज रात्री भारतीय जेवण. पहिल्या परदेशवारीसाठी मराठी कुटुंबे हे शहर निवडतात आणि ती निवड चुकीची नाही. मुंबईहून विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचते, इंग्रजी सगळीकडे चालते, नळाचे पाणी बिनधास्त पिता येते आणि रात्री अकरालाही बायकामुली निर्धास्तपणे रस्त्याने चालतात. तरी परत आलेल्या घरांत दोन सूर ऐकू येतात. एक, ‘काय ती स्वच्छता, काय ती शिस्त!’ आणि दुसरा, ‘सगळं नटवल्यासारखं वाटलं, पैसे पाण्यासारखे गेले आणि आईचे पाय सुजले.’ दोन्ही सूर खरे आहेत. पण दुसऱ्या सुरातला बराचसा भाग त्या शहराचा दोष नाही, सहलीच्या आखणीचा आहे. ती आखणी सुधारता येते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

गडबड पहिल्याच दिवशी होते. रात्री बाराच्या सुमारास मुंबईहून सुटणारे विमान तिथे सकाळी आठच्या आसपास उतरते. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. म्हणजे तिथले आठ वाजलेले असतात तेव्हा शरीराच्या लेखी पहाटेचे साडेपाच असतात आणि झोप झालेली असते जेमतेम तीन तासांची, तीही बसल्या बसल्या. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मधले पाच-सहा तास भरून काढायचे म्हणून पत्रकात त्याच सकाळी ‘शहरदर्शन’ टाकलेले असते. मुले बसमध्ये झोपतात, आजी-आजोबा दमट उन्हात मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेल्या पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात आणि पाण्याच्या काठाचा तो सगळा सुंदर परिसर कुणाच्याच लक्षात राहत नाही. उपाय दोनच. दिवसाचे विमान घ्यावे किंवा खोली सकाळीच ताब्यात मिळेल असे आधी ठरवून त्याचे पैसे भरावेत. पैसे जास्त जातात, पण पुढचे चार दिवस वाचतात. तेही जमत नसेल तर सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून सकाळ जवळच्या एखाद्या बागेत काढावी. बोटॅनिक गार्डन्स ही १८५९ची बाग २०१५पासून जागतिक वारसा यादीत आहे. ऑर्किडचा विभाग सोडला तर तिथे प्रवेश मोफत आहे, बाके आहेत, दाट सावली आहे. दमलेल्या माणसांना पहिल्या सकाळी एवढेच हवे असते.

कागदपत्रांत फार अवघड काही नाही, पण दोन ठिकाणी लोक फसतात. भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत होतो. त्याचे मूळ शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे, त्यावरची रक्कम एजंटाच्या सेवेची. व्हिसाशिवाय ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, प्रत्येक माणसाचा वेगळा, अगदी तान्ह्या बाळाचाही. हा अर्ज पूर्णपणे मोफत आहे. गुगलवर शोधताना वर येणारी, सरकारी असल्यासारखी दिसणारी काही संकेतस्थळे त्याचे पैसे उकळतात, तेव्हा तिथल्या इमिग्रेशन खात्याच्याच संकेतस्थळावर जावे. दुसरी गोष्ट ईमेलची. आता पारपत्रावर शिक्का बसत नाही. किती दिवस राहता येईल ते सांगणारा ई-पास अर्जात दिलेल्या ईमेलवर येतो. एजंट सगळ्या गटासाठी स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा झाला तर तो पास कुटुंबाच्या हाती येतच नाही. म्हणून घरातल्या एकाचा तरी चालू ईमेल त्यात आहे ना, हे पाहावे. आणि सहा वर्षांखालील मूल बरोबर असेल तर स्वयंचलित फाटकांच्या रांगेत उभे राहू नये, कारण ती त्या वयासाठी नाहीत. माणूस बसलेल्या खिडकीकडे जावे.

सामानाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण इथे चूक होते ती प्रेमापोटी. दिवाळीत निघालेल्या किंवा तिकडे राहणाऱ्या लेकीकडे चाललेल्या घरात अनारसे हमखास बांधले जातात. अनारशाच्या एका अंगाला खसखस असते. खसखशीत मॉर्फिनचे अंश असू शकतात, त्यामुळे सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ती नेण्यास मनाई आहे. घरी केलेला गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला यांतही अनेक ठिकाणी खसखस भाजून घालतात. डब्यावर ‘मसाला’ एवढेच लिहिलेले असते आणि आत काय आहे हे नेणाऱ्यालाही आठवत नाही. खसखस न घातलेला मसाला वेगळा करून घ्यावा, अनारसे घरीच खावेत. गुटखा, खैनी, जर्दा यांवर तिथे २०१६पासून बंदी आहे. ई-सिगारेट तर जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. साध्या सिगारेटला करमाफी नाही, एक पाकीट असले तरी ते जाहीर करून कर भरायचा असतो. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांना तिथल्या आरोग्य यंत्रणेची आगाऊ परवानगी लागू शकते. रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधे तीन महिन्यांपुरती चालतात, मात्र ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. गोळ्या कापून प्लास्टिकच्या साप्ताहिक डबीत भरण्याची आपली सवय तिथे अडचणीत आणू शकते. आणि ‘आमच्या भाच्याला एवढं पाकीट द्याल का?’ असे कुणी विमानतळावर म्हणाले तर स्वच्छ नाही म्हणावे. अमली पदार्थांच्या तस्करीला त्या देशात फाशीची शिक्षा आहे आणि ती प्रत्यक्षात अमलात येते.

राहण्याबाबत थोडक्यात. स्वस्त हॉटेलांच्या यादीत ‘बिनखिडकीची खोली’ हा एक खरोखरचा प्रकार असतो. बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते आणि नोंदणी करताना नजरेतून सुटते. चार माणसांच्या कुटुंबाला अशा खोलीत दोन रात्रींत गुदमरायला होते. शिवाय एका खोलीत किती माणसे चालतील यावर हॉटेले काटेकोर असतात, जास्तीची गादी टाकून मिळत नाही. गेलांग भागातली काही हॉटेले फारच स्वस्त दिसतात. त्या भागातल्या काही गल्ल्यांत वेश्याव्यवसाय चालतो, म्हणून कुटुंबाने तिकडे जाऊ नये. लिटल इंडिया मेट्रो स्थानकाच्या आसपासचा परिसर मराठी कुटुंबाला सगळ्यात सोयीचा. जेवण हाकेच्या अंतरावर आणि दोन मेट्रोमार्ग एकाच स्थानकात.

मेट्रोबद्दल तक्रारीला जागा नाही आणि ज्यांनी फक्त सहलीची बस पाहिली त्यांचे मोठे नुकसान झाले असेच म्हणावे लागेल. प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत, चाकाची खुर्ची थेट डब्यात जाते. एका फेरीला अंतराप्रमाणे साधारण सव्वा ते अडीच डॉलर पडतात. सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरला तर टॅक्सीच्या मानाने हे काहीच नाही. अडचण येते कार्डाची. एक कार्ड टेकवून चौघे आत जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळे कार्ड हवे. आपले बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकावर नुसते टेकवून चालते, पण त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ आणि ‘स्पर्शविरहित’ ही दोन्ही बटणे चालू केलेली हवीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ती एरवी बंद असतात आणि फाटकावर लाल दिवा लागतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवशी साठ सेंट जादा लागतात. चार-पाच दिवस राहायचे असेल तर आजी-आजोबांसाठी स्थानकातच मिळणारे ईझी-लिंक कार्ड बरे पडते. आत जाताना टेकवलेले कार्डच बाहेर पडताना टेकवायचे. नवऱ्याचे आणि बायकोचे कार्ड अदलाबदल झाले की हिशेब चुकतो आणि फाटक अडते. मेट्रोत खाणे तर नाहीच, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. त्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. लहान मुलाला गाडीत चढण्याआधी पाणी पाजावे.

टॅक्सी करायचीच तर मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत मीटरवर निम्मा आकार आणखी लागतो. ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी बालआसन सक्तीचे आहे. साध्या टॅक्सीला ही सक्ती नाही. पाच-सहा माणसांचे कुटुंब एका साध्या गाडीत बसवून घेणार नाहीत. ‘मांडीवर बसवतो’ हे तिथे चालत नाही.

हवामान हा या सहलीचा खरा शत्रू आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. बारा महिने तिशीच्या आसपास तापमान आणि दमटपणा असा की घाम वाळतच नाही. मे महिन्याची मुंबई ज्यांना सोसते त्यांना वाटते आपल्याला काय त्याचे. पण मुंबईत कुणी मे महिन्याच्या दुपारी आठ किलोमीटर पायी हिंडत नाही आणि तिथे नेमके तेच होते. प्राणिसंग्रहालय, सेंटोसा बेट, बाग ही सगळी चालण्याची ठिकाणे आहेत. पायाचे हाल होतात ते नवे बूट घालून गेल्यामुळे. महिनाभर वापरलेलेच पायताण न्यावे. दुपारी बारा ते चार बंदिस्त जागी काढावेत. बाहेर उकाडा आणि मॉलमध्ये, मेट्रोत बोचरा गारठा, त्यामुळे वयस्कर माणसांच्या पिशवीत पातळ शाल असावी. वीज कडाडण्याची शक्यता दिसली की प्राणिसंग्रहालयातले आणि सेंटोसाच्या करमणूक उद्यानातले उघड्यावरचे खेळ तत्काळ थांबवतात आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तिथे दुपारनंतर गडगडाटी सर येणे रोजचेच. म्हणून उघड्यावरचे मोठे पाळणे सकाळी आधी उरकावेत आणि छताखालचे दुपारनंतर. उंचीची अटही घरूनच पाहून जावी. युनिव्हर्सल स्टुडिओजमधल्या जुळ्या रोलर कोस्टरला १२५ सेंटिमीटर उंची लागते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून मुलाला आधीच सांगितले तर रांगेत तासभर उभे राहून रडू येत नाही.

आता जेवणाकडे येऊ, कारण अर्धी नाराजी तिथलीच. ‘रोज भारतीय जेवण’ म्हणजे बहुतेक वेळा ठरलेल्या एकाच उपाहारगृहातले पनीर, डाळ आणि नान, तेही चाळीस माणसांच्या पंगतीत. सिंगापूर हे खाण्याचे शहर आहे. तिथली हॉकर सेंटरची, म्हणजे एका छताखालच्या खाद्यगाळ्यांची, परंपरा युनेस्कोने २०२०मध्ये आपल्या यादीत घेतली, आणि आपली कुटुंबे तिच्यापासून चार हात लांब राहून परततात. भीती असते ती शाकाहाराची. ती भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. तिथे ‘भाजी’ मागवली तरी तिच्यात ऑयस्टर सॉस असतो, सांबाल नावाच्या चटणीत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा कुटलेला असतो आणि रश्श्याचा आधार हाडांचा किंवा सुकटीचा असतो. नुसते ‘नो मीट’ म्हटले की दुकानदार मांसाचे तुकडे बाजूला काढतो, बाकी तेच राहते. त्याऐवजी ज्या गाळ्यावर ठळक ‘व्हेजिटेरियन’ पाटी आहे असा चिनी बौद्ध गाळा शोधावा. अशा ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्यांनाही तिथले चालू शकते. मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाबीनचे, गव्हाच्या चिकाचे किंवा अळंब्यांचे असतात. अंडे आहे का, एवढे मात्र विचारावे. तांदळाच्या शेवया, कोबी, टोफूचा तुकडा असे ताट सहलीच्या पंगतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि पोटाला हलके असते. सेरंगून रोडवर कोमला विलाससारखी १९४७पासूनची दाक्षिणात्य शाकाहारी ठिकाणे आहेतच. तिथला डोसा आणि भात-सांबार खाऊन पोट शांत होते.

चहा हा मराठी माणसाचा वेगळाच प्रश्न. हॉटेलच्या खोलीतल्या पुड्यांनी त्याचे समाधान होत नाही. हॉकर सेंटरच्या पेयांच्या गाळ्यावर नुसते ‘तेह’ म्हटले की आटवलेल्या गोड दुधाचा दाट चहा येतो, फार गोड. ‘तेह हालिया’ म्हणजे आल्याचा चहा, आणि तो आपल्या चहाच्या अगदी जवळचा. ‘तेह सी’मध्ये बिनसाखरेचे आटवलेले दूध असते, साखर वरून घालतात. ‘कोसोंग’ हा शब्द जोडला की साखर अजिबात नाही. म्हणून मधुमेही माणसाने ‘तेह सी कोसोंग’ मागावा. ‘सिऊ दाई’ म्हणजे कमी गोड, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घातलेला. हे पाच-सहा शब्द पाठ केले की पहिल्या दिवसापासून सकाळ नीट सुरू होते. बसायला जागा नसताना टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट किंवा छत्री दिसली तर ती जागा कुणीतरी धरून ठेवलेली आहे असे समजावे, पाकीट उचलून बसू नये. खाऊन झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचे. २०२१पासून ते सक्तीचे आहे. हात पुसायला कागद फुकट मिळत नाही, तो आपला असावा. बऱ्याच स्वच्छतागृहांत पाण्याचा फवारा नसतो, म्हणून एक छोटी बाटलीही पिशवीत ठेवावी.

मोठ्या उपाहारगृहातल्या किमतींपुढे दोन अधिकचिन्हे छापलेली असतात. त्यांचा अर्थ पत्रकात कुणी सांगत नाही. आधी दहा टक्के सेवाशुल्क आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर नऊ टक्के कर. म्हणजे शंभरचे एकशे दहा आणि त्याचे एकशे एकोणीस डॉलर नव्वद सेंट. चौघांच्या एका जेवणात हजार-दीड हजार रुपये इथे जातात. हॉकर सेंटरमध्ये किंमत लिहिलेली तेवढीच असते. खरेदीवरचा कर पर्यटकाला परत मिळतो, मात्र दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी हवी आणि पैसे देतानाच पारपत्र दाखवायला हवे. विमानतळावर मोठ्या बॅगेत जाणारी वस्तू असेल तर बॅग देण्याआधीच करपरतीच्या यंत्रावर जावे लागते. तपासणीसाठी वस्तू मागितली आणि बॅग आधीच गेली असेल तर पैसे बुडाले. आणि एक हिशेब आपल्या देशातला. सहल कंपनीने पॅकेजवर कापलेला टीसीएस हा खर्च नव्हे, तो आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. कर भरणाऱ्याऐवजी घरातल्या भलत्याच माणसाच्या पॅनवर नोंदणी झाली की तो बहुधा विसरला जातो.

संध्याकाळचे दोन मोठे मोफत देखावे सहलीत नेहमी एकमेकांवर आदळतात. गार्डन्स बाय द बेमध्ये पंचवीस ते पन्नास मीटर उंचीच्या पोलादी ‘सुपरट्री’, म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे, आहेत. त्यांच्या तळाशी रोज ७.४५ आणि ८.४५ला दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम होतो. मरीना बेच्या पाण्यावरचा कारंज्यांचा कार्यक्रम ८ आणि ९ला असतो. बसने हिंडणारे गट एकातून दुसऱ्याकडे धावतात आणि दोन्ही अर्धे पाहतात. ७.४५चा पूर्ण पाहावा, मुलांना गवतावर आडवे पडून वर बघू द्यावे, कारण उभ्याने मान दुखते. मग ड्रॅगनफ्लाय पुलावरून मॉलमधून सावकाश चालत ९च्या कारंज्यांना जावे. वयस्कर माणसांनाही एवढा वेळ पुरतो. क्लाउड फॉरेस्ट हे काचेचे घर आणि त्यातला पस्तीस मीटरचा धबधबा पैसे मोजून पाहण्यासारखा आहे, पण महिन्यातून काही दिवस ही काचघरे देखभालीसाठी बंद असतात. तारखा संकेतस्थळावर असतात, पाहूनच तिकीट काढावे. नाइट सफारीला दार उघडताच सगळ्या बस एकदम येतात आणि ट्रामची रांग लांबते. आधी पायवाटा फिराव्यात, नऊनंतर ट्राममध्ये बसावे. फ्लॅश मारून फोटो काढू नयेत. तिथे तशी बंदी आहे आणि अंधाराला सरावलेल्या जनावरांच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. सेंटोसाला मोनोरेलचे चार डॉलर फक्त जातानाच लागतात, येताना नाहीत. पायवाटेच्या पुलावरून चालत गेले तर काहीच लागत नाही.

चांगी विमानतळाला लागूनच असलेला चाळीस मीटरचा घरातला धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. परतीच्या दिवशी पारपत्र तपासून आत गेल्यावर त्याच्याजवळ जाता येत नाही. इतकी कुटुंबे तो याच कारणाने चुकवतात की खेद वाटतो. विमानाच्या चार-पाच तास आधी पोहोचून, आधी तो पाहून मग आत जावे.

आता ‘नटवलेले शहर’ या तक्रारीबद्दल. तिकीट काढून पाहायची बहुतेक ठिकाणे करमणुकीसाठीच बांधलेली आहेत, तेव्हा ती तशी दिसणारच. पण ज्या नदीवर पर्यटकांना होडीतून फिरवतात ती नदी नटवलेली नाही. ती अक्षरशः उपसून काढलेली आहे. सिंगापूर नदी एके काळी दुर्गंधीने भरलेली होती. १९७७मध्ये सफाईचे काम हाती घेतले आणि ते १९८७पर्यंत चालले. महत्त्वाचा आहे तो त्या कामाचा क्रम. पाण्यात घाण कुठून येते ते आधी शोधले. काठच्या झोपड्यांतल्या माणसांना सरकारी घरे दिली, रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना नळ आणि गटार असलेल्या हॉकर सेंटरांत गाळे दिले, वरच्या अंगाची डुकरांची आणि बदकांची पालनकेंद्रे हलवली आणि मग तळातला गाळ काढला. २००८मध्ये मुखाशी मरीना बॅराज बांधून समुद्राची भरती अडवली, आता तिथे गोड्या पाण्याचा जलाशय आहे. त्या बॅराजच्या छतावर हिरवळ आहे, संध्याकाळी तिथली कुटुंबे पतंग उडवतात, प्रवेश मोफत आहे. मुठा आणि मिठी रोज पाहणाऱ्या माणसाला होडीतल्या ध्वनिमुद्रित माहितीपेक्षा हा क्रम कळणे जास्त गरजेचे आहे, आणि तो कोणत्याही मार्गदर्शकाने सांगावा एवढा सोपा आहे.

तसेच तिथल्या माणसांच्या घरांचे. त्या देशातले बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. लिटल इंडियाजवळच्या न्यूटन स्थानकावरून तोआ पायोह दोन स्थानके आहे. तिथे उतरून अर्धा तास चालावे. तळमजले मोकळे ठेवलेले, तिथे दगडी टेबलावर म्हातारी माणसे पट मांडून बसलेली, वर पंधराव्या मजल्याच्या खिडकीतून बांबूच्या काठ्यांवर कपडे झेंड्यांसारखे वाळत घातलेले. नटवलेले काही नाही.

आणि जे टोचते तेही पाहावे. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात तामिळ आणि बांगलादेशी मजुरांची दाटी असते, कारण आठवड्यातला तो त्यांचा एकच मोकळा दिवस. हे लखलखीत शहर त्यांनी बांधले आहे. आठवडाभर त्यांना लॉरीच्या मागच्या हौद्यात बसवून कामावर नेले जाते. इतर प्रवाशांना पट्टा सक्तीचा असलेल्या देशात हे कायद्याने चालते. यावर तिथल्या संसदेतही प्रश्न विचारले गेले आहेत, तरी प्रथा सुरू आहे. ‘गर्दी आहे, बसमधून उतरू नका’ असे गटाला सांगणारे मार्गदर्शक असतात, त्याचे मनापासून वाईट वाटते. ती आपल्याच भागातून पोटासाठी गेलेली माणसे आहेत.

भारतीय हातांची जुनी खूणही तिथे आहे. सिटी हॉल स्थानकातून वर आले की समोर सेंट अँड्र्यूज हे पांढरेशुभ्र चर्च दिसते. १८६१मध्ये पूर्ण झालेली ही इमारत इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांच्या श्रमातून उभी राहिली. भिंतीचा गिलावा जवळून पाहावा. शिंपल्यांच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर घालून तो घोटला, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्यात कालवला आणि वाळल्यावर दगडाने घासून चकचकीत केला. कोकणातल्या माणसाला सोडण म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

त्या चर्चपासून पाच मिनिटांवर पाडांगचे मैदान आहे. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी याच मैदानावर आझाद हिंद सेनेला ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. २१ ऑक्टोबरला, धोबीघाट स्थानकाजवळच्या कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. स्थानकाचे अधिकृत नावच ‘धोबी घॉट’ आहे, तिथे भारतीय धोबी कपडे धूत असत. दुसऱ्याच दिवशी याच शहरात राणी झाशी पलटणीचे प्रशिक्षण शिबिर सुरू झाले. मलायाच्या रबरमळ्यांतल्या तामिळ मुली आपल्या लक्ष्मीबाईच्या नावाखाली बंदूक चालवायला शिकल्या. मैदानाच्या समुद्राकडच्या बाजूला एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक नेताजींनी जुलै १९४५मध्ये उभारायला घेतले होते. इंग्रज परत येताच त्यांनी ते पाडले. १९९५मध्ये सिंगापूर सरकारने त्या जागी खुणेचा फलक बसवला.

मर्लायनपासून ज्युबिली पुलावरून चालत तिथे पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. जाहिरातींतल्या सहलींच्या बस त्या रस्त्याने रोज जातात आणि थांबत नाहीत. तिकीट नाही, रांग नाही, झाडांची सावली आहे. सहल कंपन्यांनी मर्लायनच्या फोटोनंतर तेवढा अर्ध्या तासाचा थांबा पत्रकात घालावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
डोंबिवली